एक नाव, पाच जागा: नकाशावरची अक्षरं आणि रंग कसे ठरवायचे

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले. साहजिकच होमस्टेच्या भिंतीवर, जेटीवरच्या फ्लेक्सवर, ग्रामपंचायतीच्या पत्रकात किल्ल्यांचे नकाशे लावायची हौस वाढली आहे. हौस चांगलीच. पण यातले बरेच नकाशे बरोबर असूनही वाचता येत नाहीत. गावं जागच्या जागी, रस्ते बरोबर, अंतरंही तपासलेली, तरी माणूस दोन मिनिटं बघतो आणि शेवटी चहाच्या टपरीवर विचारतो, "हर्णैला कुठून जायचं?"

दोष बहुतेक वेळा अक्षरांत आणि रंगांत असतो. नकाशावरच्या नावाला लेबल म्हणतात. लेबल दोन कामं करतं. गावाचं नाव सांगतं, आणि ते नाव वाचून व्हायच्या आत ही वस्तू कसली आहे तेही सांगतं: गाव, नदी, किल्ला की जिल्हा. पहिलं काम शब्द करतो. दुसरं काम अक्षराचं वळण, आकार, जाडी आणि रंग करतात, आणि नकाशे फसतात ते या दुसऱ्या कामात.

सिंधुदुर्ग कुठला?

कोकणाचा नकाशा काढणाऱ्याची खरी परीक्षा एका शब्दात आहे. सिंधुदुर्ग हा जिल्हा आहे. सिंधुदुर्ग हा मालवणसमोरच्या कुरटे बेटावरचा किल्ला आहे. सिंधुदुर्गनगरी हे ओरोसला वसवलेलं जिल्ह्याचं मुख्यालय आहे. कणकवली आणि कुडाळच्या मध्ये कोकण रेल्वेचं सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन आहे. आणि चिपीचा विमानतळही सिंधुदुर्ग याच नावाने ओळखला जातो. किल्ला समुद्रात, स्टेशन तिथून वीसेक किलोमीटरहून जास्त आत. पण ए-थ्री कागदावर पूर्ण दक्षिण कोकण बसवलं, तर हे सगळं अंगठ्याखाली झाकून जातं.

पाचही ठिकाणी एकाच काळ्या, एकाच मापाच्या अक्षरात "सिंधुदुर्ग" छापलं, तर किल्ला बघायला निघालेला पर्यटक स्टेशनला उतरून समुद्र शोधत बसेल. वर्गात दोन संदेश असले की मास्तर आडनावाने हाक मारतात. नकाशाला तशी सोय नाही, म्हणून अक्षरालाच आडनाव लावावं लागतं.

एक जमणारी मांडणी अशी. जिल्ह्याचं नाव १६ ते १८ पॉइंट, बारीक जाडीचं, राखाडी, आणि जिल्हाभर पसरलेलं. (पॉइंट म्हणजे अक्षराचं माप, ७२ पॉइंटांचा एक इंच, म्हणजे एक पॉइंट साधारण ०.३५ मिलिमीटर.) मुख्यालय काळं, मध्यम जाडीचं, १० पॉइंट, आणि "ओरोस" हे नाव आधी, कारण एसटीच्या रांगेत लोक तेच म्हणतात. किल्ल्याचं नाव गडद तपकिरी, ठळक, १० पॉइंट, समुद्रात. स्टेशन ८ पॉइंट, रेल्वेच्या रेघेचाच रंग, आणि शब्दातच "सिंधुदुर्ग स्टेशन". विमानतळाला विमानाचं चिन्ह आणि "चिपी विमानतळ". दोन नावांत गोंधळ होतोय असं वाटलं तर शब्दही बदलायला लाजू नये. नुसत्या रंगावर सगळा भार टाकू नये, त्याचं कारण पुढे येईल.

रायगडचंही तेच: जिल्हा वेगळा, किल्ला महाड तालुक्यात, आणि जिल्ह्याचं मुख्यालय अलिबागला. मुरुडं तर दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोली तालुक्यातलं. तिथे अक्षराची करामत चालत नाही, कारण दोन्ही गावंच आहेत. "मुरुड (दापोली)" असं सरळ लिहावं.

नाव गावापेक्षा मोठं असतं

अलिबागपासून तेरेखोलपर्यंत सरळ मोजलं तर अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. उभ्या ए-थ्री कागदाची उंची ४२ सेंटिमीटर. समास सोडून ३६ सेंटिमीटरमध्ये हा पट्टा बसवायचा, तर प्रमाण साधारण १ : ९ लाख येतं, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे नऊ किलोमीटर. किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या धारेपर्यंतची रुंदी मग उरते जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर.

आता ९ पॉइंटात "हरिहरेश्वर" छापा. लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ते नाव जमिनीवरचे तेरा-चौदा किलोमीटर झाकतं! गाव टिंबाएवढं, आणि नाव अर्ध्या तालुक्याएवढं. कोकण उभं आणि चिंचोळं, नावं मात्र आडवी; त्यामुळे शेजारी शेजारी तीन नावं बसली की पट्टा संपला. देशावरचा नकाशा काढणाऱ्याला ही अडचण इतकी छळत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर नावांची यादी करून त्यांच्या पायऱ्या पाडाव्यात: जिल्हा, तालुक्याचं गाव, किल्ला किंवा बंदर, लहान गाव, पाण्याची नावं. पाच पायऱ्या पुष्कळ झाल्या. लगतच्या दोन पायऱ्या मापाने वेगळ्या दाखवायच्या तर निदान दीड-दोन पॉइंटांचा फरक हवा. ९ आणि ९.५ मधला फरक डिझायनरला दिसतो, वाचणाऱ्याला नाही. त्याला ती नुसती ढिलाई वाटते. आणि सगळंच ठळक केलं तर? गजालीत सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, तसं होतं.

इंग्रजी नकाशाचे नियम देवनागरीला लागू पडत नाहीत

नकाशे शिकवणारी बहुतेक पुस्तकं रोमन लिपी धरून लिहिलेली असतात. त्यांतले तीन सल्ले हमखास भेटतात. देश-राज्यांची नावं कॅपिटलमध्ये द्या. पाण्याची नावं तिरक्या अक्षरात द्या. मोठ्या प्रदेशाच्या नावातली अक्षरं लांब लांब पसरा. हे जसंच्या तसं उचललं की मराठी नकाशा बिघडतो.

देवनागरीत कॅपिटल नाही. त्यामुळे पायरी दाखवायला आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा एवढीच साधनं हातात राहतात, आणि ती जपून खर्चावी लागतात.

तिरक्या अक्षराची गोष्ट थोडी फसवी आहे. रोमनमध्ये इटॅलिक हे वेगळं रेखाटलेलं वळण असतं. बहुतेक देवनागरी फॉन्टांत ते नसतंच. संगणक सरळ अक्षर नुसतं एका बाजूला ढकलतो. शिरोरेघ जागेवर राहते, दांडे कलतात, आणि लहान मापात "वाशिष्ठी" सारखं नाव पावसात भिजल्यासारखं दिसायला लागतं. पाण्याच्या नावांना गडद निळा रंग आणि जरा कमी जाडी दिली की पुरतं. वाचणाऱ्याला निळं म्हणजे पाणी हे सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो पसरण्यात. शिरोरेघ म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी समजा. अक्षरं तिला टांगलेली. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलं की दोरीचे तुकडे होतात. ते एक वेळ चालेल. पण काही सॉफ्टवेअर याहून पुढे जातं आणि कपड्याच्याच चिंध्या करतं: वेलांटी एकीकडे, अनुस्वार दुसरीकडे, जोडाक्षरातला हलन्त उघडा. कारण संगणकाच्या दृष्टीने "सिं" हे एक अक्षर नसून स, वेलांटी आणि अनुस्वार अशी तीन चिन्हं आहेत. अंतर कुठे घालायचं हे त्याला सांगितलं नाही तर तो तिन्हींच्या मध्ये घालतो.

यावर उपाय साधा आहे. अंतर वाढवायची सोय वापरूच नका. नावांच्या तक्त्यात लेबलसाठी वेगळा रकाना करा आणि त्यात नाव उच्चाराप्रमाणे तोडून हाताने लिहा: "सिं धु दु र्ग", "र त्ना गि री", "स ह्या द्री". "र्ग" आणि "त्ना" फुटत नाहीत. दोन अक्षरांच्या मध्ये एक किंवा दोन स्पेस, सगळीकडे सारख्या. "अरबी समुद्र" मात्र दोन शब्दांचं नाव आहे. तिथे अक्षरांत एक स्पेस आणि शब्दांत चार-पाच ठेवल्या नाहीत तर "अ र बी स मु द्र" हा एकच लांब शब्द होऊन बसतो.

वळणदार नदीवर नाव वाकवण्याचा मोहही आवरावा. रोमन अक्षरं सुटी असल्यामुळे वळणावर सहज बसतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनात फिरलं की शिरोरेघेच्या पायऱ्या होतात. कोकणातल्या नद्या छोट्या आणि नागमोडी. त्यापेक्षा खाडीचा रुंद, सरळ भाग शोधा आणि तिथे नाव आडवं किंवा जरासं कललेलं ठेवा. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या तिघींनाही मुखाजवळ अशी जागा मिळते.

फॉन्ट निवडताना: आधी "वेंगुर्ला" लिहून बघा

फॉन्टच्या जाहिरातीत नेहमी सोपी वाक्यं असतात. आपण आपल्या गावांनी परीक्षा घ्यावी. "वेंगुर्ला" या एका शब्दात मात्रा आणि अनुस्वार एकत्र, खाली उकार आणि वर रफार, असं सगळं आहे. "हर्णै" मध्ये एका ण वर रफार आणि दोन मात्रांची दाटी होते. "श्रीवर्धन" मध्ये श्र, वेलांटी आणि रफार. "मुरुड" मध्ये मु चा उकार खाली लटकतो आणि रु चा पोटात शिरतो. सूचीसाठी "किनाऱ्यालगतचा रस्ता" हेही घ्या, कारण ऱ्या मधला र काही फॉन्टांत नीट येत नाही आणि "किनार्या" असं काहीतरी उमटतं.

हे पाच शब्द ८ पॉइंटात छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. पडद्यावर मोठं करून बघण्याला अर्थ नाही. हर्णैच्या डोक्यावरचा गुंता एकमेकांत मिसळून काळा ठिपका झाला तर तो फॉन्ट नकाशाला निरुपयोगी, बाकी कितीही देखणा असो. ज्याच्या अक्षरांच्या पोकळ्या मोठ्या (व, ब, घ यांची पोटं), मात्रा सुट्या आणि रेघेची जाडी बऱ्यापैकी सारखी, तो लहान मापात टिकतो. लग्नपत्रिकेतली बोरूची वळणं नकाशाच्या शीर्षकाला ठेवा, गावांना नकोत.

नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन फॉन्ट या कामाला चांगले. दोन्ही फुकट आहेत, व्यावसायिक छपाईला परवाना लागत नाही, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत बारीकपासून अतिठळकपर्यंत बऱ्याच जाड्या मिळतात. नकाशाला तीन वेगळे फॉन्ट लागत नाहीत. एकाच घराण्यातल्या तीन जाड्या लागतात. मराठी वाचकाला पाकळीचा ल आणि देठाचा श सवयीचा. काही फॉन्टांत ही मराठी वळणं आत दडलेली असतात आणि भाषा मराठी निवडल्यावरच दिसतात. ती आली तर उत्तम, नाही आली तर त्यापायी वाचनीय फॉन्ट सोडू नये असं माझं मत.

मापाबद्दल एक सावधगिरी. देवनागरी फॉन्टला वर-खाली मात्रा-उकारांसाठी जागा राखून ठेवावी लागते, म्हणून त्याच पॉइंटात मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान वाटतं. इंग्रजी नकाशात ६ पॉइंट चालून जातो. मराठीत हातातल्या नकाशासाठी ८ च्या खाली उतरू नये. दोन ओळींचं नाव असेल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या निदान १.३ पट ठेवा, नाहीतर "मुरुड"चे उकार खालच्या "जंजिरा"च्या अनुस्वार-वेलांटीत घुसतात.

नाव कुठे ठेवायचं?

स्विस नकाशातज्ज्ञ एडुआर्ड इमहोफ यांनी १९६२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि त्यांचे नियम अजून चालतात. टिंबाच्या उजवीकडे, किंचित वर, ही सगळ्यात चांगली जागा. तिथे अडचण असेल तरच दुसरीकडे. किनाऱ्यावरच्या गावाचं नाव मात्र पाण्यात, आणि किनाऱ्यापासून आतल्या गावाचं नाव पूर्ण जमिनीवर.

कोकणात समुद्र पश्चिमेला. म्हणजे हर्णै, गुहागर, देवगड, वेंगुर्ला यांची नावं टिंबाच्या डावीकडे, समुद्रात, आणि त्यांचा शेवट टिंबापाशी. यात दुहेरी फायदा आहे. समुद्र मोकळाच असतो, त्यामुळे जमिनीवरची दाटी कमी होते. आणि नाव पाण्यात दिसलं की हे किनाऱ्याचं गाव आहे हे आपोआप कळतं. दापोली, चिपळूण, कुडाळ जमिनीवर राहतात. अर्धं नाव पाण्यात आणि अर्धं जमिनीवर ही सगळ्यात वाईट स्थिती: किनाऱ्याची रेघ अक्षरांच्या मधून जाते, मागचा रंग मध्येच बदलतो, आणि शिरोरेघ आणि किनारा यांतली कुठली रेघ कुठली ते कळत नाही.

खाड्यांवर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर काठावर, धोपावे दक्षिणेला. तवसाळ उत्तरेला, जयगड दक्षिणेला. आगरदांडा उत्तरेला, दिघी दक्षिणेला. बागमांडला उत्तरेला रायगड जिल्ह्यात, वेसवी दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यात. या सगळ्या जोड्यांमध्ये फेरीबोट आहे आणि पर्यटकाला नेमकं हेच बघायचं असतं, की आपण कुठल्या काठाला आणि गाडी कुठे उतरणार. संगणकाला मोकळी जागा दिसली की तो धोपाव्याचं नाव बिनदिक्कत दाभोळच्या बाजूला टाकतो. अशी आठ-दहा नावं हाताने हलवावीच लागतात. उत्तर काठाच्या गावाचं नाव टिंबाच्या वर, दक्षिण काठाच्या गावाचं खाली. मध्ये खाडी मोकळी आणि तिच्यात फेरीची तुटक रेघ.

रंग: डोळ्यावर विश्वास ठेवू नका, आकडा बघा

"हिरव्यावर लाल कसं उठून दिसतं!" हे वाक्य फ्लेक्सच्या दुकानात रोज ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. मोठा लाल गोळा हिरव्या शेतात उठून दिसतो. बारीक लाल अक्षर तिथे वाचता येत नाही. वाचायला रंगातला फरक कमी आणि उजेड-अंधाराचा फरक जास्त लागतो. या दुसऱ्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, दोन्ही रंग सारखेच असतील तर १. वेबसाइटच्या सुगम्यतेचे जगभर वापरले जाणारे निकष साध्या मजकुराला निदान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना निदान ३ मागतात. नकाशालाही तीच पट्टी लावावी. दोन रंग टाकले की आकडा देणारी साधनं इंटरनेटवर फुकट आहेत.

संगणक प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत सांगतो, प्रत्येक ० ते २५५. लाल २००, हिरवा ३०, निळा ३० असं लाल अक्षर, आणि ९०, १५०, ९० अशी जंगलाची हिरवी पार्श्वभूमी घेतली, तर कॉन्ट्रास्ट येतो जेमतेम १.६. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही (यात बहुतेक पुरुष असतात) त्यांना तर ते नाव दिसणारच नाही.

समुद्रासाठी २०७, २३२, २४३ ही फिकट निळी छटा घ्या. तिच्यावर ९१, १५५, २१३ या मधल्या निळ्यात "अरबी समुद्र" लिहिलं तर कॉन्ट्रास्ट २.३, सुंदर दिसतं आणि वाचता येत नाही. ३१, ७८, १२१ हा गडद निळा घेतला तर ६.८. किल्ल्यांसाठी ११०, ४४, ० हा जांभ्या दगडाकडे झुकणारा तपकिरी घेतला तर त्याच समुद्रावर ८ येतो. म्हणजे सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी ही नावं पाण्यात ठेवूनही स्वच्छ वाचता येतात.

यातून एक सोपा नियम निघतो: पार्श्वभूमी फिकट, अक्षरं गडद, अधलंमधलं काही नको. कोकणाच्या नकाशात हा नियम मोडतो तो पूर्वेला. सह्याद्री उठावदार दिसावा म्हणून डोंगरांची सावली घातली जाते, आणि कुंभार्ली घाट, आंबा घाट, फोंडा घाट ही नावं नेमकी त्या काळपट सुरकुत्यांत जाऊन पडतात. सावली २० ते ३० टक्क्यांवर आणा. डोंगर तरी दिसतोच.

मग अक्षराभोवती कड देतात, सॉफ्टवेअरच्या भाषेत बफर किंवा हॅलो. कड उपयोगी आहे, पण मिठासारखी. ९ पॉइंटाच्या अक्षराला अर्धा ते पाऊण मिलिमीटर पुरते. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर चालू केला की तो एक मिलिमीटरचा येतो. देवनागरीला तो जाड होतो, शेजारचं टिंब आणि रस्ता खातो. आणि कड शुभ्र नको, मागे जो रंग आहे त्याचीच हवी: समुद्रात फिकट निळी, जमिनीवर जमिनीच्या रंगाची. हिरव्या जंगलावर पांढऱ्या कडेची नावं म्हणजे भिंतीवर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या वाटतात.

"पण आमच्या वाडीचं नाव हवंच"

हा आक्षेप टाळता येत नाही, आणि तो चुकीचाही नाही. गावाने पैसे घातले असतील तर प्रत्येक वाडीला आपलं नाव बघायचं असतं. पण १ : ९ लाखाच्या नकाशात वाड्या कोंबल्या तर कुणाचीच दिसणार नाही. मोठ्या नकाशाच्या कोपऱ्यात, समुद्राच्या मोकळ्या जागेत, गावाचा वेगळा मोठा चौकोन काढा. १ : १०,००० प्रमाण घेतलं तर एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर, त्यात वाड्या, देऊळ, जेटी, शाळा सगळं ऐसपैस बसतं. तरीही दाटी झाली तर टिंबांना आकडे द्या आणि बाजूला यादी.

"परदेशी लोक येणार, इंग्रजी हवंच की." हवंच. पण दोन्ही लिप्या सारख्या ताकदीने छापल्या तर नावांची संख्या दुप्पट होते. मराठी वर, ठळक. रोमन खाली, त्याच रंगात, साधारण ८० टक्के मापाचं आणि एक जाडी कमी. रोमन फक्त तालुक्याची गावं, किल्ले आणि बंदरं यांना. त्या मापात रोमन अक्षर देवनागरीच्या मूळ अक्षराएवढंच भासतं, त्यामुळे जोडी विजोड वाटत नाही.

"छापतो कशाला, मोबाइलवर नकाशा करू." करा, पण एक धोंड माहीत असू द्या. वेबवर गुळगुळीत फिरणारे, झूम होणारे नकाशे काढणाऱ्या काही प्रचलित लायब्रऱ्या (तयार कोडचे संच), उदाहरणार्थ मॅपलिब्रेच्या जुन्या आवृत्त्या, प्रत्येक चिन्ह सुटं सुटं मांडतात. देवनागरीची चिन्हं एकमेकांना जोडायची असतात हे त्यांना आपणहून कळत नाही. मग "सिंधुदुर्ग"ची वेलांटी स च्या नंतर येते आणि रफाराच्या जागी पाय मोडलेला र दिसतो. फॉन्ट बदलून हे दुरुस्त होत नाही. लोक दोन दिवस फॉन्ट बदलत बसतात. लीफलेटसारख्या साधनात नावं ब्राउझरकडून लिहून घेतली, किंवा नावांसकट तयार चित्रांच्या चौकटी वापरल्या, तर अक्षरं नीट जुळतात.

छापखान्यात काय बिघडतं

फाइल फ्लेक्सवाल्याकडे गेली की पहिली माशी शिंकते ती फॉन्टवर. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर काम चालतं. तिथे आपला फॉन्ट नसला की संगणक दुसराच लावतो आणि नावांच्या जागी चौकोन येतात किंवा जोडाक्षरं फुटतात. पाठवण्याआधी सगळी अक्षरं आकृत्यांमध्ये बदलून टाका (कोरलमध्ये कर्व्ह, इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन) आणि मूळ फाइल आपल्याकडे ठेवा. बदलल्यावर "हर्णै" आणि "वेंगुर्ला" पुन्हा एकदा वाचून बघा.

ऑफसेटला गावांची नावं निव्वळ काळ्या शाईत ठेवा. तपकिरी किंवा जांभळं बारीक अक्षर दोन-तीन शायांच्या ठिपक्यांतून बनतं, आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. ठळक १० पॉइंटाच्या किल्ल्यांना हे सोसतं. ८ पॉइंटाच्या गावांना नाही.

त्याआधी काळी-पांढरी झेरॉक्स काढा. ग्रामपंचायतीतून नकाशा पुढे जाणार तो बहुतेक झेरॉक्स होऊनच. रंग गेल्यावर जिल्हा, गाव आणि किल्ला अजून वेगळे ओळखता आले तर पायऱ्या बरोबर पडल्या. सगळं सारखंच दिसलं तर सगळा भार रंगावर टाकला होता. क्यूजीआयएसच्या प्रीव्ह्यू मोडमध्ये नकाशा राखाडी करून आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या डोळ्यांनीही बघता येतो.

उघड्यावरच्या फलकाचं माप वेगळं. जिथे माणूस उभा राहणार तिथलं अंतर भागिले २०० हा ढोबळ हिशोब धरा: दीड मीटरवरून वाचायचं असेल तर शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत साडेसात मिलिमीटर, तीन मीटरवरून पंधरा. मात्रा-उकार त्यात धरायचे नाहीत. पॉइंटांत गणित करत बसण्यापेक्षा एक तुकडा खऱ्या मापात छापून भिंतीला लावा आणि पट्टीने मोजा.

आणि ऊन. जेटीवरच्या फलकाला वर्षभर सूर्य लागतो, चार महिने पाऊस आणि कायमचं खारं वारं. साध्या छपाईत पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, म्हणून जुने फ्लेक्स निळसर दिसतात. लाल रंग या दोघींचाच बनलेला, त्यामुळे "तुम्ही इथे आहात" हा लाल ठिपका, ज्याच्यासाठी फलक लावला, तोच सगळ्यात आधी पुसट होतो. त्याला काळी जाड कड द्या आणि आत काळा बाण ठेवा. लाल उडाला तरी काळं वर्तुळ आणि त्याच्या आतला बाण दिसत राहतो.